नव्या गावात मित्र जोडताना: पहिल्या आठवड्यापासून वर्षभरापर्यंत

नव्या गावात राहायला आल्यावर चार-पाच दिवसांतच कुठला तरी फॉर्म भरायची वेळ येते. दवाखान्यात, नोकरीच्या ठिकाणी, पोहण्याच्या तलावावर. त्यात एक रकाना असतो: ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे?’ मी तिथे बहिणीचा नंबर लिहिला होता. ती रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहायची. मला काही झालंच असतं, तर ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली असती. घर लागलं होतं, पडदे लागले होते, इंटरनेट सुरू झालं होतं. पण या गावात आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही, हे मला त्या रकान्यापाशी येऊन कळलं.

त्यानंतर मी आणखी दोनदा गाव बदललं. पहिल्या वेळी मैत्रीण मिळायला दीड वर्ष गेलं, तिसऱ्या वेळी सहा-सात महिने. स्वभाव तोच होता, थोडा भिडस्तच. मधल्या काळात एक गोष्ट मात्र शिकले होते: मोठेपणी मैत्रीसाठी वेळ राखून ठेवावा लागतो, आणि पहिली हाक बहुतेक वेळा आपल्यालाच मारावी लागते. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी तासांचा हिशेब

शाळेत मैत्री आपसूक झाली असं वाटतं, कारण तिथला वेळ आपण कधी मोजलाच नाही. रोज पाच-सहा तास, तेच चेहरे, तीच बाकं, वर्षानुवर्षं. मोठेपणी तो सहवास कोणी आयता देत नाही.

कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांचा २०१८ मध्ये आलेला अभ्यास नव्याने राहायला आलेल्यांनी जरूर लक्षात ठेवावा. गेल्या सहा महिन्यांत गाव बदललेल्या ३५५ प्रौढांना त्यांनी विचारलं, की नव्या ठिकाणी भेटलेल्या एका माणसाबरोबर तुमचा किती वेळ गेला आणि तो माणूस आता तुमचा कोण आहे. उत्तरांवरून अंदाज निघाला तो असा: तोंडओळखीची साधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मनापासून ‘मित्र’ म्हणावं असं वाटायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. ही सरासरी आहे. कोणाचं आठवडाभरात सूत जुळतं, कोणाचं वर्षभरात जुळत नाही.

आता आठवड्याला दोन तास धरा. ५० तास व्हायला २५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. दोन महिने झाले तरी इथे माझं कोणी नाही, म्हणून रात्री रडू येतं तेव्हा तुमचे जेमतेम सोळा तास झालेले असतात. तुमच्यात काही कमी नाही. तास कमी आहेत.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांनी जवळीक फारशी वाढत नाही. गप्पा, खेळ, भटकणं, नुसतं सोबत बसणं, यांतल्या तासांनी ती वाढते. म्हणूनच आठवड्याचे चाळीस तास शेजारच्या टेबलावर बसणारी व्यक्ती दोन वर्षांनीही ‘ऑफिसमधली’च राहू शकते.

पहिले दोन आठवडे: नुसत्या तोंडओळखी

या काळात मित्र शोधू नका. सामान लावून दमलेले असता, आणि मैत्रीची घाई समोरच्याला लगेच जाणवते. फक्त एवढं करा: रोजच्या गोष्टी एकाच ठिकाणी आणि शक्यतो एकाच वेळी करा. किराणा त्याच दुकानातून, फिरणं त्याच रस्त्याने, वाचनालयात जायचं तर त्याच संध्याकाळी. जिन्यात भेटलेल्यांना आपणहून नाव सांगा: “मी तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आले आहे.” पुढे काही बोलायची गरज नाही.

या वरवरच्या ओळखींनाही किंमत असते. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं, की ज्या दिवशी माणसं अशा सैल ओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलतात, त्या दिवशी ती अधिक आनंदी असतात आणि आपण इथले आहोत ही भावनाही वाढते. दुकानदाराने “आज उशीर झाला?” असं विचारलं, की परकेपणा थोडासा सैल होतो. पहिल्या पंधरा दिवसांत तेवढं पुरे.

तिसऱ्या आठवड्यापासून: एक जागा, एक वार

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तीच माणसं येतात अशी एक जागा शोधा आणि तिथे निदान आठ वेळा जा. आधी आठ वेळा जायचं, मग जमतंय का ते ठरवायचं.

आठ का? पहिल्या दोन-तीन वेळा जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, की यांचा आधीच घट्ट कंपू आहे आणि आपण मध्येच घुसलोय. त्यांना मात्र तुम्ही येत राहणार आहात की नाही, हेच अजून माहीत नसतं. पाचव्या-सहाव्या वेळी कोणीतरी म्हणतं, “मागच्या वेळी दिसला नाहीत?” इथून खरी सुरुवात होते.

नुसतं दिसत राहण्यालाही जोर असतो. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी एका मोठ्या वर्गात वेगवेगळ्या संख्येने येऊन बसल्या: एक एकदाही नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा. त्या कोणाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन गेली होती ती त्यांना जास्त आवडली. भिडस्त माणसाला मला हे नेहमी सांगावंसं वाटतं. तुम्ही गप्प बसून परत आलात, तरी ती फेरी वाया गेलेली नसते.

जागा निवडताना मी चार गोष्टी पाहते. माणसं तीच येतात का. हाताला काही काम आहे का, म्हणजे सतत बोलण्याचं ओझं नको. सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर रेंगाळायला वाव आहे का. आणि घरापासून ती इतकी जवळ आहे का, की दमलेल्या दिवशीही जाणं होईल. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण बहुतेकांचं जाणं तिच्यामुळेच सुटतं. तासभर प्रवास करून जावं लागणारा उत्तम गट महिन्याभरात गळतो. पंधरा मिनिटांवरचा मध्यम गट टिकतो.

या कसोटीवर चांगल्या उतरणाऱ्या जागा: समूहगायन, नाटकाची हौशी मंडळी, भाषेचा वर्ग, आठवड्याचं बॅडमिंटन, झाडं लावणारा किंवा नदीकाठ साफ करणारा गट, एकच पुस्तक वाचून चर्चा करणारं मंडळ, मातीकाम. कमी उतरणाऱ्या: मोठे एकदाच होणारे कार्यक्रम, व्याख्यानं, आणि सगळे कानात इअरफोन घालून व्यायाम करतात ती जिम. ‘नवीन लोकांना भेटा’ म्हणून भरवलेले मेळावे मला फारसे लाभले नाहीत. एका संध्याकाळी वीस जणांची नावं कळतात आणि एकही जण पुन्हा भेटत नाही. जायचंच असेल, तर तिथे एका माणसाला गाठून आठवड्याच्या एखाद्या गटाची माहिती काढा आणि घरी या.

शेजार ही सुद्धा जागाच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. तिथे लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की अगदी लागून दार असलेल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. अंतर होतं काही पावलांचं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्रही जास्त होते, कारण ये-जा त्यांच्या दारावरून व्हायची. तेव्हा बसायला आवडणारी खुर्ची आतल्या खोलीत असेल, तर ती लोकांची ये-जा दिसेल अशा ठिकाणी आणा.

तिथे गेल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा आणि दहा मिनिटं उशिरा निघा. मैत्री बहुतेक वेळा या वीस मिनिटांत होते, मधल्या कार्यक्रमात नाही. खुर्च्या लावायला हात लावा, हजेरीची वही सांभाळा, चटया गोळा करा. काम अंगावर घेतलं, की तुमच्याशी बोलायला लोकांना कारण मिळतं आणि तुम्हाला पुढच्या वेळी येणं भाग पडतं.

घरी आल्यावर नाव आणि एक तपशील लिहून ठेवा: ‘मुलीची परीक्षा’, ‘गुडघा दुखतो’, ‘नवीन नोकरीची मुलाखत’. पुढच्या भेटीत “मुलाखत कशी झाली?” एवढंच विचारा. हा हिशेबीपणा वाटेल, असं मला आधी वाटायचं. मग एकीने माझ्या आईच्या ऑपरेशनची तारीख लक्षात ठेवून चौकशी केली. तिने ती कुठे लिहून ठेवली होती का, याचा विचारही माझ्या मनात आला नाही. बरं वाटलं, एवढंच.

पहिली हाक

सगळे इथे अडतात. गटात तीन महिने छान बोलणं होतं, पण बाहेर भेट होत नाही. दोघंही “भेटू या कधीतरी” म्हणतात, मनापासून म्हणतात, आणि दोघंही समोरच्याची वाट पाहत राहतात.

हाक मारताना चार गोष्टी असाव्यात: नेमकं काय, नेमकं कधी, किती वेळ, आणि नाही म्हणायला मोकळीक. उदाहरणार्थ: “शनिवारी सकाळी सातला मी तळ्याला एक फेरी मारणार आहे, तासभर. येता का? नाही जमलं तरी हरकत नाही, मी जाणारच आहे.” तुम्ही तसेही जाणार आहात, त्यामुळे समोरच्यावर तुमच्या दिवसाचं ओझं पडत नाही. तासभरच आहे, त्यामुळे पहिल्या भेटीचं दडपण येत नाही. “एखाद्या रविवारी घरी या ना सगळे” हे आमंत्रण पहिल्यासाठी फार मोठं आहे. ते चौथ्या-पाचव्या भेटीसाठी ठेवा.

आणि ही हाक कोणाला मारायची? गटातल्या सगळ्यात लोकप्रिय माणसाकडे आपलं लक्ष जातं. त्याच्याकडे आधीच भरपूर माणसं असतात. कडेला बसणारा, तुमच्यासारखाच नवा, किंवा ज्याचं आयुष्य नुकतंच बदललंय असा कोणी पाहा. नोकरी सुटलेला, मुलं शिकायला बाहेर गेलेली, नुकती घरी बाळ आलेली. त्यांच्याकडे जागा असते.

उत्तर नीट ऐका. “या शनिवारी नाही, पुढच्या चालेल?” हा होकार आहे. नुसतं “नाही हो जमणार” आलं, तर तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि आणखी एकदा विचारा. लोक खरोखरच कामात असतात. दोनदा कोरडं नाही आलं, तर तिथे थांबा. पण बोलणं तोडू नका. ती चांगली तोंडओळख आहे, तशीच राहू द्या.

भेटून घरी आल्यावर बहुतेकांना टोचणी लागते: मी जास्तच बोलले का, त्यांना कंटाळा आला असेल का. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे तपासलं. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलल्यावर ‘मी समोरच्याला किती आवडलो’ याचा अंदाज सातत्याने कमी बांधतात. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त आवडलेली असतात. एकाच ठिकाणी राहू लागलेल्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकली. म्हणून त्या रात्रीच्या टोचणीवर निर्णय घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज पाठवा: “काल छान वाटलं. तुम्ही म्हणालात ती टेकडी पुढच्या आठवड्यात बघू या?” पहिल्या आणि दुसऱ्या भेटीत दोन आठवड्यांहून जास्त अंतर पडू देऊ नका.

बोलणं पुढे नेताना

हवा, वाहतूक, घरभाडं, इथपर्यंत सगळेच येतात. पुढची पायरी म्हणजे आपण थोडं उघडायचं आणि समोरच्याला तेवढीच जागा द्यायची. आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ४५ मिनिटं प्रश्नोत्तरं करायला सांगितलं होतं. प्रश्न हलक्यापासून सुरू होऊन हळूहळू खोल जाणारे होते आणि दोघांनीही उत्तर द्यायचं होतं. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली.

यातला ‘दोघांनीही’ महत्त्वाचा. काही जण फक्त प्रश्न विचारतात, अगदी आपुलकीने, पण स्वतःबद्दल काहीच सांगत नाहीत. समोरच्याला शेवटी मुलाखत दिल्यासारखं वाटतं. काही जण पहिल्याच भेटीत एकटेपणाचं सगळं गाठोडं सोडतात. मी पहिल्या गावात तेच केलं होतं. समोरची बाई दयाळू होती, तिने तासभर ऐकून घेतलं, आणि पुढे भेटायचं टाळू लागली. तेव्हा “इथे आल्यापासून संध्याकाळ खायला उठते” एवढं एक वाक्य म्हणा आणि थांबा. तिला त्यावर स्वतःचं काही सांगायचं असेल, तर ती सांगेल.

भेटीची जागा बदला

ओळख ज्या जागी झाली तिथेच राहिली, तर ती त्या जागेची होऊन बसते. वर्ग बंद झाला की संपते. बॅडमिंटनच्या जोडीदाराबरोबर एखादं नाटक पाहा, वर्गातल्या मैत्रिणीबरोबर पडद्याचं कापड आणायला जा. कंटाळवाणी कामं यासाठी फार चांगली. वेळ वेगळा काढावा लागत नाही, हात गुंतलेले असतात आणि बोलणं आपोआप सैल होतं. लहान मुलं असणाऱ्यांना तर हाच एक मार्ग असतो: मुलं बागेत खेळताना दोन मोठ्यांनी बाकावर बसायचं, दर आठवड्याला, त्याच बाकावर.

काही सावधगिरी

पहिल्या काही भेटी वर्दळीच्या ठिकाणी ठेवा आणि कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून जा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच गुंतवणुकीची योजना, उसने पैसे किंवा काही विकत घेण्याचा आग्रह आला, तर ती व्यक्ती तुमच्या नवखेपणाकडे पाहून आली आहे. घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी संबंध कमी करायला सांगणाऱ्या गटातून लगेच बाहेर पडा. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष कित्येक आठवडे जाग्यावर नसेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. नुसत्या ओळखी वाढवून तो त्रास जात नाही.

जुन्या मित्रांबद्दलही एक सांगते. त्यांना सोडू नका, पण रोजची संध्याकाळ त्यांच्या फोनवर घालवू नका. मी पहिले सात-आठ महिने तेच करत होते. फोन ठेवला, की घर आणखी रिकामं वाटायचं. आठवड्याचा एक वार त्यांना द्या. खूप दिवस बोलणं नसलेल्याला मेसेज करायला ओशाळल्यासारखं होत असेल, तर करून टाका. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं, की अशी अचानक केलेली आठवण समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त भावते.

चार-सहा महिन्यांनी: मदत मागा

कोणाला त्रास नको, म्हणून आपण सगळं एकट्याने उरकतो. पण ज्याला कधीच काही लागत नाही, त्याच्या जवळ जाणं अवघड असतं. लहान गोष्टीपासून सुरू करा: शिडी, ड्रिल मशीन, चार दिवस झाडांना पाणी. मग थोडी मोठी.

दुसऱ्या गावात माझ्या डोळ्यांची तपासणी होती. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालणार होते, त्यामुळे परत येताना कोणीतरी सोबत हवं होतं. समूहगायनातल्या एका मैत्रिणीला विचारायला मला दोन दिवस लागले. आमची ओळख जेमतेम साडेचार महिन्यांची. ती लगेच “येते” म्हणाली, दोन तास बाकावर बसली, आणि परतताना तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलली. तिथेही तो फॉर्म होताच. “तुझा नंबर लिहू का?” असं मी विचारल्यावर तिने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच लिहिला. आम्ही ‘अहो’वरून ‘अगं’वर कधी आलो, ते आता आठवत नाही, पण त्या दिवसापर्यंत आलेलो होतो.

वर्षाच्या आसपास: माणसं एकमेकांना जोडून द्या

आतापर्यंत तुमच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणचे दोन-तीन जण असतील. त्यापेक्षा जास्त नसले, तर काळजी करू नका. माणसांच्या नात्यांवर काम करणारे रॉबिन डनबार सांगतात, की अगदी जवळची माणसं साधारण पाच असतात, आणि त्यांत घरचेही येतात.

अडचण वेगळीच असते. प्रत्येकाला स्वतंत्र भेटायचं म्हणजे आठवडे पुरत नाहीत, आणि तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर सगळंच थांबतं. म्हणून दोघांना एकत्र बोलवा. मोठा समारंभ नको, तिघंच पुरेत. ओळख करून देताना नाव आणि कामापेक्षा एक दुवा सांगा: “ही पण पहाटे पोहायला जाते.” मग थोडा वेळ उठून आत जा, काही आणायच्या निमित्ताने, आणि त्यांना बोलू द्या. मी गायनातल्या मैत्रिणीची शेजारणीशी अशीच गाठ घालून दिली. गेल्या महिन्यात फोन केला, तेव्हा दोघी पोहून परत येत होत्या.